बोडीत पंगस दाटला आहे आणि पाणी गढूळ आहे : आधी काय करावे?

गोंदिया जिल्ह्यातील एका शेतकऱ्याने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. त्यांच्या शेतात अर्ध्या एकराची, म्हणजे सुमारे वीस गुंठ्यांची बोडी (धानासाठी पाणी साठवणारे छोटे तळे) आहे. गेल्या ऑगस्टमध्ये त्यांनी तिच्यात पंगस या माशाची १२,००० बोटुकली (लहान पिल्ले) सोडली. ऑक्टोबरमध्ये धानाला पाणी द्यावे लागल्याने बोडी निम्म्याहून खाली आली आणि आता फेब्रुवारीत पाणी नऊ-दहा गुंठ्यांवर, कमरेच्या थोडे वर इतकेच उरले आहे. पाणी दुधाच्या चहासारखे गढूळ आहे. मासे सतत वर येऊन हवा घेतात, सहा महिन्यांत सरासरी दोनशे-सव्वादोनशे ग्रॅमच्या पुढे गेलेले नाहीत आणि डोके मोठे, पोट खपाटीला गेलेले असे दिसतात. दररोज पंधरा किलो धानाचा कोंडा व ढेप आणि अधूनमधून कोंबडीच्या दुकानातील टाकाऊ भाग असे खाद्य ते देतात. पाणी निवळण्यासाठी कोणते औषध टाकावे, खाद्य वाढवावे का, आणि मासे कमी करण्यासाठी बोडीत मरळ सोडली तर चालेल का, असे त्यांचे तीन प्रश्न आहेत.

पूर्व विदर्भात मी बावीस वर्षे बोड्यांमध्ये मासे वाढवत आहे आणि त्यातील शेवटची बारा-तेरा वर्षे पंगसही घेत आहे. त्या अनुभवावरून मला असे वाटते की, या तिन्ही प्रश्नांच्या मुळाशी एकच प्रश्न आहे आणि तो आपण विचारलेला नाही. आपण बोटुकलींची संख्या ठरवली ती ऑगस्टमधील भरलेली बोडी पाहून, आणि मासे मात्र फेब्रुवारीच्या पाण्यात राहत आहेत. बोडी ही मुळात धानासाठी खोदलेली असते, पाऊस ताणला की तिचे पाणी बांधीत (धानाच्या शेतात) जाणार हे ठरलेलेच असते. त्यामुळे माशांची संख्या ठरवताना मे महिन्यात बोडीत किती पाणी उरते हेच माप धरावे लागते. गढूळपणा, खुंटलेली वाढ आणि वर येणारे मासे यांपैकी बहुतेक गोष्टींचा उलगडा या एका मापात होतो.

पुढे जाण्यापूर्वी एक खात्री करून घ्यावी. आपण ज्याला पंगस म्हणता तो खरोखर पंगसच आहे ना? पंगसला तोंडाजवळ मिशांच्या दोनच जोड्या असतात, शेपूट मधोमध चिरलेले असते आणि पाठीवर शेपटीजवळ एक छोटा, मऊ, बिनकाट्याचा पर असतो. मांगूर असेल तर मिशांच्या चार जोड्या दिसतील, पाठीवरचा पर मानेपासून जवळजवळ शेपटीपर्यंत सलग असेल आणि शेपूट गोल असेल. देशी मांगूर असेल तर उत्तमच, त्याला भावही चांगला मिळतो. मात्र बियाणे विकणारे काही लोक 'मांगूर' या नावाखाली आफ्रिकन मांगूर, ज्याला बाजारात थाई मांगूरही म्हणतात, तो देतात. त्याच्या पालनाला आपल्या देशात बंदी आहे आणि राष्ट्रीय हरित लवादाने २०१९ मध्ये त्याविरुद्ध कारवाईचे निर्देश दिल्यानंतर महाराष्ट्रातही असे साठे नष्ट करण्यात आले आहेत. मांगूरच्या जातीविषयी किंचितही शंका असेल तर एखादा मासा बर्फात घालून जिल्हा मत्स्यव्यवसाय कार्यालयात दाखवावा. पुढचे सर्व विवेचन मासा पंगस आहे असे धरून केले आहे.

पंगसविषयी एक गोष्ट आपल्या फायद्याची आहे. हा मासा साचलेल्या पाण्यात वीण घालत नाही, हॅचरीमध्ये संप्रेरकाचे इंजेक्शन देऊनच त्याचे बीज तयार करतात. तिलापियाच्या तळ्यात कितीही मासे काढले तरी चार महिन्यांत पिल्लांनी तळे पुन्हा भरते. आपल्या बोडीत तसे होणार नाही. जी दाटी आहे ती आपण सोडलेल्या १२,००० बोटुकलींचीच आहे, आणि एकदा कमी केलेली संख्या पुन्हा वाढणार नाही.

दुसरी गोष्ट मात्र फसवी आहे. पंगस पाण्यातील प्राणवायूवर पूर्णपणे अवलंबून नसतो. त्याची हवेची पिशवी फुफ्फुसासारखे थोडे काम करते आणि तो वर येऊन थेट हवा गिळतो. ज्या पाण्यात कटला आणि रोहू एका रात्रीत उलटे झाले असते, त्या पाण्यात पंगस महिनोन्महिने जिवंत राहतो. कटला-रोहूसारख्या कार्प माशांच्या बोडीत दाटी झाली की मासे मरतात आणि मालकाला निदान ते कळते. पंगसच्या बोडीत मासे मरत नाहीत, फक्त वाढत नाहीत, आणि मालक कोंड्याची पोती ओतत राहतो. त्यामुळे मासे हवा घेण्यासाठी अधूनमधून वर येतात याची काळजी करू नये. मात्र पहाटे सर्वच्या सर्व मासे एकाच वेळी पृष्ठभागावर घुटमळत असतील, खाद्याकडे उशिरा येत असतील आणि पाण्याला उग्र वास येत असेल, तर पाण्यात अमोनिया साठला आहे असे समजावे. अमोनिया तपासण्याचा साधा संच मत्स्यखाद्याच्या दुकानांत मिळतो. चाचणी दुपारी करावी, कारण पाण्याचा सामू (पीएच) दुपारी चढतो आणि सामू चढला की त्याच अमोनियाचा विषारी भाग वाढतो.

आता संख्येकडे येऊ. सोडलेल्या १२,००० पैकी किती उरले हे डोळ्यांनी पाहून कोणालाही सांगता येत नाही. मी स्वतः एकदा खाद्य टाकताना उसळणारे मासे पाहून तीन हजारांचा अंदाज केला होता आणि जाळे ओढल्यावर ते त्याच्या दुप्पट निघाले. तेव्हापासून मी खुणेची पद्धत वापरतो. फेकजाळ्याने साधारण २०० मासे पकडावेत, प्रत्येकाचा शेपटीजवळचा तो छोटा मऊ पर कात्रीने कापावा आणि मासे सोडून द्यावेत. त्या परात काटा नसतो, त्यामुळे माशाला फारशी इजा होत नाही. चार-पाच दिवसांनी बोडीच्या वेगवेगळ्या बाजूंना जाळे टाकून ३०० मासे पकडावेत आणि त्यांत पर कापलेले किती आहेत ते मोजावेत. समजा असे ७ निघाले, तर २०० गुणिले ३०० भागिले ७ म्हणजे सुमारे साडेआठ हजार मासे बोडीत आहेत असे धरता येते. खुणेचे मासे इतके थोडे निघाले तर हा आकडा दोन-तीन हजारांनीही इकडेतिकडे होऊ शकतो, परंतु आपला निर्णय त्याने बदलणार नाही. दोन्ही वेळा एकाच कोपऱ्यात, खाद्याच्या जागेवर जाळे टाकले तर मात्र हिशेब पार चुकतो, कारण तेथे तेच ते धीट मासे येतात.

साडेआठ हजार मासे आणि सरासरी २२० ग्रॅम वजन धरले तर बोडीत आज सुमारे १,८७० किलो मासा आहे. पाणी नऊ गुंठ्यांवर, म्हणजे साधारण ९०० चौरस मीटरवर आहे. याचा अर्थ दर चौरस मीटरला दोन किलोंहून अधिक मासा झाला. हवा खेळवणारे यंत्र नाही आणि पाणी बदलण्याची सोय नाही, अशा बोडीत मी पंगससाठी दर चौरस मीटरला अर्धा ते पाऊण किलो इतकेच वजन धरतो. आंध्र प्रदेशात किंवा उजनीच्या भागात याहून कितीतरी अधिक उत्पादन घेणारे लोक आहेत हे मला ठाऊक आहे, परंतु त्यांच्याकडे पाणी, वीज आणि खाद्य या तिन्ही गोष्टी आपल्यापेक्षा अधिक असतात. त्यांचा आकडा आपल्या बोडीला लावणे हेच बहुतेकांच्या अडचणीचे मूळ असते. बियाणे विकणारा 'एकरी पंधरा हजार टाका' असे सांगतो तेव्हा तो कोणत्या एकराविषयी बोलत आहे हे विचारून घ्यावे.

खाद्याचा हिशेब तर याहून बोलका आहे. यंत्राशिवाय साचलेले पाणी दररोज ठरावीक खाद्यच पचवू शकते. माझ्या अनुभवाने ही मर्यादा दर गुंठ्याला अर्धा ते एक किलो आहे. त्यापलीकडे टाकलेले खाद्य मासा खातो किंवा खात नाही, दोन्ही प्रकारे शेवटी अमोनिया आणि काळा गाळ तयार होतो. आपल्या आजच्या पाण्याला म्हणजे जास्तीत जास्त नऊ किलो गोळीखाद्य झेपेल. आता १,८७० किलो माशाला केवळ जगण्यासाठी, वजन न घटण्यासाठी, दररोज वजनाच्या अर्धा ते पाऊण टक्का खाद्य लागते असे धरले, तरी ते नऊ ते चौदा किलो होते. म्हणजे पाण्याला जितके खाद्य झेपते तितके सगळे माशांच्या नुसत्या जगण्यात खर्च होते आणि वाढीसाठी काही उरत नाही. आपण देत असलेला पंधरा किलो कोंडा आणि ढेप ही गोळीखाद्याच्या तुलनेत पोषणाला कमी पडते आणि तिचा बराच भाग मासा तोंडात घेण्यापूर्वीच तळाशी बसतो. तेव्हा खाद्य वाढवावे का, या प्रश्नाचे उत्तर 'नाही' असे आहे. खाणारी तोंडे कमी करावीत.

किती कमी करावीत, हे आपल्याला मासा कधी आणि किती वजनाचा विकायचा आहे यावर अवलंबून आहे. एक किलोच्या जवळपासचा मासा पावसाळ्यानंतर विकायचा असेल तर मी पुढीलप्रमाणे करीन. मार्च उजाडण्याआधी साडेआठ हजारांतून सुमारे सहा हजार मासे काढून अडीच हजार ठेवीन. त्यांचे आजचे वजन साडेपाचशे किलो भरेल, जे नऊ गुंठ्यांच्या पाण्याला शोभणारे आहे. त्यांना दररोज नऊ किलोंपर्यंत २८ टक्के प्रथिनांचे तरंगते खाद्य दिले, आणि दर किलो वाढीसाठी दोन किलोंहून थोडे अधिक खाद्य लागते असे धरले, तर मेअखेरपर्यंत आणखी साडेतीनशे किलोंच्या आसपास वजन वाढेल. पाणी आणखी आटत असेल तर त्या प्रमाणात खाद्य आणि मासे दोन्ही कमी करावे लागतील, हे गृहीत धरा. मेच्या मध्यावर पुन्हा जाळे टाकून सर्वांत मोठे हजारभर मासे विकावेत. उरलेले दीड हजार मासे पाऊस पडून बोडी भरली की वीस गुंठ्यांच्या पाण्यात दररोज सरासरी पंधरा किलो खाद्यावर जुलै ते ऑक्टोबरमध्ये आठशे-नऊशे ग्रॅमपर्यंत जाऊ शकतात. या हिशेबात मरतूक, आजार आणि पावसाची लहर धरलेली नाही. तरीही साडेआठ हजार अर्धपोटी माशांपेक्षा दीड-दोन हजार भरलेले मासे अधिक पैसे देतात, हे मी तरी प्रत्येक वर्षी पाहिले आहे.

सहा हजार लहान मासे काढायचे म्हणजे तेराशे किलो माल होतो आणि तो एका आठवडी बाजारात खपत नाही. येथेच बहुतेक लोक अडतात आणि 'थोडे मोठे झाल्यावर पाहू' असे म्हणून मे महिना ओढवून घेतात. माझा सल्ला असा की, सर्वांत आधी शेजारपाजारच्या ज्या बोड्यांत किंवा शेततळ्यांत मे महिन्यातही पाच-सहा फूट पाणी टिकते त्यांच्या मालकांशी बोलावे. दोनशे ग्रॅमचा तयार पंगस हे त्यांच्यासाठी उत्तम बियाणे असते, कारण बोटुकलीपासूनचे सहा महिने त्यांचे वाचतात. विकत द्यावा किंवा अर्धलीने (निम्म्या वाट्याने) वाढवायला द्यावा, ते आपल्या परस्पर संबंधांवर आहे. उरलेला माल तीन-चार टप्प्यांत, वेगवेगळ्या गावांच्या बाजारांच्या दिवशी विकावा. या आकाराला भाव कमी मिळेल हे मान्य करावेच लागते. पंगस वाळवून ठेवण्याचा विचार करू नका. त्याच्यात चरबी अधिक असते, त्यामुळे तो नीट वाळण्याआधीच खवट होतो.

विक्रीच्या बाबतीत आणखी एक अडचण येईल, ती म्हणजे मातीचा वास. साचलेल्या, सेंद्रिय गाळाच्या पाण्यातील काही शेवाळ आणि सूक्ष्मजीव असा पदार्थ तयार करतात, जो माशाच्या चरबीत मुरतो. गिऱ्हाईक एकदा असा मासा घेऊन गेले की पुन्हा येत नाही. विहिरीवर सिमेंटची टाकी असेल तर विकण्यापूर्वी मासे चार-पाच दिवस स्वच्छ, थोडे थोडे बदलत्या पाण्यात उपाशी ठेवावेत. वास बराच जातो. कोंबडीचे टाकाऊ भाग देणे मात्र आजच थांबवावे. ते पाण्यात सडतात, रोगाचे कारण होतात, आणि मासा कशावर वाढला हे गावात लपून राहत नाही.

जाळे ओढण्याविषयी सविस्तर लिहितो, कारण पंगसच्या बाबतीत सर्वाधिक नुकसान याच दिवशी होते. हा मासा अतिशय भित्रा आहे. जाळे जवळ आले की तो उसळतो, काठावर आपटतो, आणि पाठीच्या व छातीच्या परांचे काटे जाळ्यात अडकून स्वतःला आणि इतरांना जखमी करतो. कार्प माशांसाठी वापरतो ते जाड गाठींचे जाळे येथे वापरू नये, बिनगाठीचे मऊ जाळे भाड्याने मिळत असेल तर तेच आणावे. आदल्या दिवशी खाद्य पूर्ण बंद ठेवावे. भरल्या पोटाचा मासा पकडला की पाणी घाण करतो आणि वाहतुकीत टिकत नाही. जाळे पहाटे ओढावे, नऊच्या आत काम आटोपावे, आणि संपूर्ण बोडी कधीही एका दमात ओढू नये. जाळे ओढण्यापूर्वी आठवडाभर एकाच कोपऱ्यात, एकाच वेळी खाद्य टाकून मासे तेथे जमण्याची सवय लावली, तर तेवढाच कोपरा वेढून एका वेळी बराच मासा सहज निघतो. आपल्याकडच्या मासेमारी करणाऱ्या ढीवर मंडळींना हे कसब पिढ्यान्‌पिढ्यांचे अवगत आहे. त्यांना हिस्सा देऊन बोलवावे आणि कोणता कोपरा कसा वेढायचा हे त्यांच्यावर सोडावे.

बोडी अर्धीच का ओढायची, याचे कारण मी माझ्या खर्चाने शिकलो. एका एप्रिलमध्ये व्यापाऱ्याची गाडी उशिरा आली म्हणून मी अकरा वाजता जाळे घातले आणि गाडी भरावी म्हणून संपूर्ण बोडी तीन वेळा ओढली. तळाचा काळा गाळ ढवळला गेला, सडक्या अंड्यासारखा वास सुटला, आणि ठेवण्यासाठी निवडलेल्या माशांपैकी निम्मे दुसऱ्या दिवशी सकाळी काठाला लागलेले होते. हवा घेणारा मासा असला तरी गाळातील वायूपुढे त्याचे काही चालत नाही. तेव्हापासून दोन ओढण्यांमध्ये मी किमान पाच दिवसांचे अंतर ठेवतो आणि ढगाळ दिवशी जाळ्याला हात लावत नाही. ठेवायचे मासे हाताळून झाल्यावर एक हजार लिटर पाण्यात पाच किलो खडे मीठ विरघळवलेल्या टाकीत दहा-पंधरा मिनिटे ठेवून मग सोडतो. त्याने खरचटलेल्या जागी बुरशी लागण्याचे प्रमाण कमी होते.

कोणते मासे ठेवावेत? मोठे विकावेत आणि लहान ठेवावेत असा मोह होतो, कारण मोठ्यांना भाव मिळतो. परंतु सहा महिन्यांनंतर साठ-सत्तर ग्रॅमवर अडकलेला मासा पुढेही मागेच राहतो. मधल्या आकाराचे, अंगाने भरलेले आणि जखम नसलेले मासे ठेवावेत, अगदी मोठे आणि अगदी लहान दोन्ही काढावेत.

आता गढूळ पाण्याकडे वळतो. याला मी मुद्दाम मागे ठेवले, कारण दाटी कमी होण्याआधी पाणी निवळण्याचा खर्च बहुधा वाया जातो. गढूळपणा दोन प्रकारचा असतो आणि दोन्हींचे उपाय वेगळे आहेत. काचेच्या पारदर्शक बाटलीत बोडीचे पाणी भरून ती घरात न हलवता ठेवावी. दुसऱ्या दिवशी माती तळाशी बसून वरचे पाणी स्वच्छ झाले, तर माती सतत ढवळली जात आहे असा अर्थ होतो. उथळ पाण्यातील दाटलेले मासे, पाण्यात बसणाऱ्या म्हशी, उघड्या पाळीवरून (बांधावरून) येणारी माती आणि वारा ही त्याची कारणे असतात. बोडीत सिप्रिनस (कॉमन कार्प मासा) असेल तर तोही तळ उकरतो. या प्रकाराला औषध लागत नाही. मासे कमी करावेत, म्हशींना एकच घाट ठेवावा आणि पाळीवर आतून गवत लावावे. आठवडाभरानंतरही बाटलीतील पाणी तसेच गढूळ राहिले, तर मातीचे अतिसूक्ष्म कण पाण्यात तरंगत आहेत. कन्हार किंवा मोरांड अशा चिकण जमिनीतील बोड्यांत हे पुष्कळदा दिसते. हे कण एकमेकांना दूर लोटतात, म्हणून आपोआप बसत नाहीत, आणि तुरटी किंवा जिप्सम त्यांना एकत्र आणून खाली बसवते.

मात्रा काढणे सोपे आहे. नऊशे चौरस मीटरवर सरासरी ८० सेंटिमीटर पाणी म्हणजे ७२० घनमीटर. दर घनमीटरला २० ग्रॅम तुरटी धरली तर साडेचौदा किलो लागेल. जिप्समची मात्रा दर घनमीटरला २०० ग्रॅम धरली तर १४४ किलो. तुरटी लवकर काम करते, परंतु पाण्याची आम्लता वाढवते, आणि ज्या पाण्यात चुन्याचा अंश कमी आहे तेथे ती माशांना मारू शकते. म्हणून तुरटीच्या निम्म्या वजनाचा विझवलेला चुना आधी विरघळवून टाकण्याची पद्धत आहे. चुना मात्र सामू चढवतो, आणि अमोनिया असलेल्या पाण्यात ते घातक ठरते. आपल्या आजच्या बोडीत म्हणूनच मी तुरटीला हात लावणार नाही. दाटी कमी करून, अमोनिया उतरल्याची खात्री करून, मगच गरज वाटल्यास जिप्सम वापरीन. आधी दोन बादल्यांत वेगवेगळी मात्रा टाकून, प्रत्येकीत दोन-तीन मासे सोडून, चोवीस तास पाहावे. काही जण पाणी निवळण्यासाठी तणसाच्या (धानाच्या वाळलेल्या काडाच्या) पेंढ्या टाकतात. त्याचाही उपयोग होतो, परंतु उन्हाळ्यातील कमी पाण्यात तणस कुजताना प्राणवायू खाते. तो उपाय पावसाळ्याच्या तोंडाशी करावा.

थोडा गढूळपणा पंगसला बाधत नाही. कोपरापर्यंत हात पाण्यात घातल्यावर तळवा पुसट दिसत असेल आणि पाण्याला किंचित हिरवी झाक असेल, तर मी पाण्याला काहीही करत नाही.

मरळ सोडण्याविषयी. मरळ लहान मासे खाते हे खरे, परंतु दोनशे ग्रॅमचा काटेरी पंगस तिच्या तोंडात मावत नाही. ती आपल्या बोडीतील चार झिंगे आणि बारीक मासळी खाईल आणि पंगस तितकाच राहील. तिलापियाच्या तळ्यात मरळ उपयोगी पडते, कारण तेथे पिल्ले असतात. आपल्याकडे पिल्लेच नाहीत.

जास्तीचे मासे नाल्यात सोडून द्यावेत असेही काही जण सुचवतील. ते करू नये. पंगस हा मूळचा आग्नेय आशियातील मासा आहे. आपले नाले चुलबंद, बाघ अशा नद्यांतून शेवटी वैनगंगेला मिळतात, आणि तिच्यातील देशी मासळीवर अनेक कुटुंबांचे पोट आहे. पाळलेल्या माशांचे रोगही त्यांच्याबरोबरच जातात.

एकूण क्रम असा ठेवावा : कोंबडीचे टाकाऊ भाग आणि कोंडा आज बंद, या आठवड्यात अमोनियाची आणि बाटलीची चाचणी, खुणेने मोजणी, त्याच काळात शेजारच्या बोडीमालकांशी आणि व्यापाऱ्यांशी बोलणे, मार्चच्या आत तीन-चार ओढण्यांत सहा हजार मासे बाहेर. गोळीखाद्य चार-पाच किलोंपासून सुरू करून पंधरा-वीस मिनिटांत जितके संपते तितकेच वाढवत न्यावे. विहिरीचे किंवा बोअरचे पाणी देता येत असेल तर रात्री दोन-तीन तास द्यावे, मात्र पाइप पाण्यात बुडवू नये. भूगर्भातील पाण्यात प्राणवायू अत्यल्प असतो, ते उंचावरून फरशीवर किंवा दगडावर आपटून पडू द्यावे.

आपले पाणी मेमध्ये गुडघ्याखाली जाते का, हे आपण लिहिलेले नाही. तसे होत असेल तर अडीच हजार मासेही अधिक आहेत, एप्रिलअखेर सर्व मासे काढून बोडी कोरडी पडू द्यावी. नुकसान वाटले तरी त्याचा एक फायदा आहे. कोरड्या बोडीतील काळा गाळ काढून बांधीत टाकता येतो, आणि त्याच वेळी खोलगट कोपऱ्यात दहा बाय दहा मीटरचा, आणखी दीड मीटर खोल खड्डा करून घेता येतो. धानाला पाणी देऊन झाल्यावरही त्या खड्ड्यात मासे टिकतात. असा खड्डा केल्यानंतर माझ्या एका बोडीत मे महिन्यात मासे काढण्याची धावपळ थांबली.

पुढच्या हंगामात वीस गुंठ्यांना दोन हजारांपेक्षा अधिक बोटुकली सोडू नये, आणि ती बोटभर लांबीची, शक्यतो जुलैमध्येच सोडावी. पंगसला आपल्याकडची थंडी सोसत नाही. पाणी वीस अंशांच्या खाली गेले की तो खाणे सोडतो, आणि डिसेंबर-जानेवारीच्या रात्री अंगावर लाल चट्टे येऊन मरतूक सुरू होते. त्यामुळे नोव्हेंबरअखेर मोठा मासा विकून मोकळे होणे सोयीचे पडते. पाऊस लागण्याआधी सांडव्याला बारीक जाळी बसवून घ्यावी आणि ती कचऱ्याने तुंबणार नाही अशी तिरपी ठेवावी, नाहीतर जाळीमुळे पाणी अडून पाळच फुटते.